खटल्यावरची उचल: बारा हजार घेतले, सत्तावीस हजार फेडले

सप्टेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. सॉमरव्हिलमध्ये माझ्या वकिलांच्या ऑफिसात एकच कागद समोर होता. सगळ्यात वर लिहिलं होतं ९०,००० डॉलर. माझ्या मानेच्या दोन मणक्यांची आणि तीन वर्षांची ती किंमत. त्याखाली एकेक वजाबाकी, आणि तळाशी माझं नाव, त्यासमोर २५,०००. मधल्या ओळींत एका कंपनीच्या नावापुढे २७,००० होते. त्या कंपनीकडून मी घेतले होते बारा हजार.

या व्यवहाराला इथे अमेरिकेत प्री-सेटलमेंट फंडिंग म्हणतात. तुमची अपघाताची केस चालू असते, सेटलमेंट, म्हणजे भरपाईची तडजोड, व्हायला दीड-दोन-तीन वर्षं लागणार असतात, आणि घरभाडं तर दर महिन्याला द्यायचं असतं. अशा वेळी एक कंपनी तुमच्या होऊ घातलेल्या सेटलमेंटवर आधीच पैसे देते. मराठीत याला उचल म्हणणंच योग्य. ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून घेतात, तशीच ही हंगामाआधीची उचल, फक्त हंगाम कोर्टाचा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. मला बोलायचंय ते करारातल्या कलमांबद्दल, आणि तशी कलमं या धंद्यात सर्रास असतात.

मी न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला राहते, डेंटल असिस्टंट आहे. ३ ऑक्टोबर २०२१ ला रूट २०६ वर सिग्नलला थांबले होते, मागून एक पिकअप येऊन आदळला. चूक कोणाची यावर कधीच वाद झाला नाही. वाद झाला तो माझी मान किती दुखावली यावर. माझं काम दिवसभर मान वाकवून करायचं, त्यामुळे कामावर जाणं शक्यच नव्हतं. राज्याच्या टेम्पररी डिसेबिलिटीचे, म्हणजे दुखण्यामुळे काम थांबलं की मिळणारे, पैसे जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतात, ते मार्चअखेर संपणार होते. नवऱ्याचा प्रोजेक्ट फेब्रुवारीत बंद पडला होता. सांगलीहून आईने फोनवर विचारलं, "बांगड्या मोडू का गं? तशाही कपाटातच पडून आहेत." तो फोन ठेवला आणि त्याच रात्री मी या कंपनीचा फॉर्म भरला.

वकिलांकडे आधी विचारून झालं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की कोर्टाचा खर्च ते पुढे करू शकतात, पण घर चालवायला अशिलाला पैसे उसने देणं वकिली आचारसंहितेच्या नियमात बसत नाही. हा नियम बहुतेक राज्यांत आहे, आणि या कंपन्यांचा धंदा नेमका त्याच जागी उभा आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बोलणारी मुलगी नीट, आदराने बोलली. पगाराची स्लिप मागितली नाही, क्रेडिट स्कोअर पाहिला नाही. वकिलांचं नाव आणि फोन एवढंच विचारलं. पुढचं सगळं माझ्या वकिलांची पॅरालीगल, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारी सहाय्यक, आणि ती कंपनी यांच्यात झालं: पोलिस रिपोर्ट, एमआरआयचा रिपोर्ट, आणि समोरच्या माणसाच्या इन्शुरन्स पॉलिसीचं ते पान, ज्यावर मर्यादा लिहिलेली असते. त्याची एक लाखाची होती. कंपनीला खरा रस याच पानात असतो. केस कितीही भक्कम असली तरी समोरच्याची पॉलिसी वीस-पंचवीस हजारांची असेल, तर तुम्हाला कोणी फारशी उचल देणार नाही. माझ्या स्वतःच्या पॉलिसीबद्दलही विचारलं. मी हप्ता कमी बसावा म्हणून 'लिमिटेशन ऑन लॉसूट' हा पर्याय घेतला होता, म्हणजे कायमची इजा सिद्ध केल्याशिवाय वेदनेची भरपाई मागता येत नाही. एमआरआयमध्ये डिस्क सरकलेली दिसत होती म्हणून निभावलं.

पंधरा हजार मंजूर झाले. वकील म्हणाले, लागतील तेवढेच घ्या, जमलं तर त्याहून कमी. मी आठ हजार घेतले. १४ मार्च २०२२ ला फिजिओथेरपी सेंटरच्या पार्किंगमध्ये, गळ्याला कॉलर लावलेला असताना, फोनवर बोटाने सही केली. बाराच पानं होती. मी चार वाचली. दोन दिवसांत पैसे बँकेत आले आणि एप्रिलचं भाडं वेळेत गेलं. त्या दिवशी मला या कंपनीबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली होती, आणि ती आठवण आज खोटी ठरवावी असं मला वाटत नाही.

दुसरी चांगली गोष्ट सगळ्यात मोठी आहे. केस हरलात तर एक पैसाही परत द्यायचा नाही. याला नॉन-रिकोर्स म्हणतात. तुमचा पगार, घर, बचत यांना कंपनी हात लावू शकत नाही, तिचा हक्क फक्त त्या केसमधून येणाऱ्या पैशावर. ही नुसती जाहिरात आहे का, अशी मलाही शंका होती. पण फिजिओमध्ये ओळख झालेल्या एका बाईंची दुकानात घसरून पडल्याची केस कोर्टाने काढून टाकली. त्यांनी तीन हजार घेतले होते. कंपनीने वकिलांकडून निकालाचा कागद मागवला, फाइल बंद केली, पुन्हा फोन नाही. मात्र करारात याला अपवाद असतात, ते वाचा: अर्जात खोटी माहिती दिली, किंवा कंपनीला न कळवता वकील बदलला, तर हे संरक्षण जातं.

आता व्याज. कंपनी त्याला व्याज म्हणत नाही, 'वापर शुल्क' म्हणते. माझ्या करारात महिना ३ टक्के होतं. ऐकायला कमी वाटतं. फोनवरची मुलगी "फक्त तीन टक्के" म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात क्रेडिट कार्डाचे वर्षाचे वीस-बावीस टक्के होते, आणि तीन त्याहून लहान आहे एवढंच मनाने धरलं. ते चक्रवाढ होतं. महिना तीन टक्के चक्रवाढीने वर्षाचे साडेबेचाळीस टक्क्यांहून थोडे जास्त होतात. दोन वर्षांत रक्कम दुप्पट, तीन वर्षांत जवळजवळ तिप्पट.

न्यू जर्सीत एखाद्या व्यक्तीला वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याजाने कर्ज देणं हा फौजदारी गुन्हा आहे. मग हे कसं चालतं, असं मी वकिलांना नंतर विचारलं. उत्तर एका वाक्यात होतं: परत देणं नक्की नसेल तर ते कर्ज नाही, असा कंपन्यांचा पवित्रा असतो. म्हणजे ज्या नॉन-रिकोर्स अटीबद्दल मी वर चांगलं लिहिलं, त्याच अटीच्या आधारावर व्याजाची मर्यादा टळते. सगळ्या राज्यांना हे पटलेलं नाही. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये असा एक करार रद्दच ठरवला होता, मग तिथल्या विधिमंडळाने २००८ मध्ये कायदा करून अशा व्यवहारांना परवानगी दिली आणि पैसे मिळाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत ते परत करून करार मोडण्याचा हक्क दिला. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की परतफेड नक्की नसली तरी हे कर्जच आहे, आणि ग्राहक कर्जाचे नियम याला लागू. आर्कान्सॉमध्ये वर्षाला १७ टक्क्यांची मर्यादा आहे, वेस्ट व्हर्जिनियात १८ टक्क्यांची. कंपन्या म्हणतात, एवढ्या दरात आम्हाला हरलेल्या केसेसचं नुकसान भरून काढता येत नाही. असेलही. पण साडेबेचाळीस आणि सतरा यांमध्ये फार मोठी जागा आहे.

माझे आजोबा सांगलीच्या पेठेत सावकाराकडे हिशेबाच्या वह्या लिहायचे. ते दामदुपटीचा नियम सांगायचे: व्याज कितीही थकलं तरी एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. शंभर दिले तर दोनशेच्या पुढे सावकाराने मागायचं नाही. लहानपणी ही मला जुन्या काळची गोष्ट वाटायची. २०२४ मध्ये, न्यू जर्सीत, कॅल्क्युलेटर घेऊन बसले तेव्हा तो नियम किती शहाणपणाचा होता हे कळलं. माझ्या करारात अशी कुठलीच कमाल मर्यादा नव्हती.

आणि आता ते कलम, ज्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय. सातव्या पानावर एक तक्ता होता. डावीकडे तारखा, उजवीकडे रकमा. तारखा सहा-सहा महिन्यांच्या: १४ सप्टेंबर २०२२ पर्यंत इतके, १४ मार्च २०२३ पर्यंत इतके. शुल्क महिन्याने सांगितलं जातं, पण आकारलं जातं सहा महिन्यांच्या गठ्ठ्याने. नवीन टप्प्यात एक दिवस गेलात तरी पूर्ण सहा महिन्यांचं शुल्क. तक्ता माझ्या डोळ्यांखालून गेला होता, लपवलेला नव्हता. पण पहिल्या ओळीत आठ हजार नव्हतेच, साडेआठ होते, कारण अर्जाची फी आणि प्रोसेसिंग फी मिळून पाचशे डॉलर मुद्दलात मिळवले होते. म्हणजे जे पाचशे माझ्या हातात कधी आलेच नाहीत, त्यांच्यावरही मी अडीच वर्षं शुल्क भरत होते.

जून २०२२ मध्ये मानेचं ऑपरेशन झालं. त्याआधी समोरच्या इन्शुरन्स कंपनीने २२,००० देऊ केले होते. खर्च आणि वकिलाची फी जाऊन हातात चौदा हजारांच्या आसपास आले असते. भाड्याचे पैसे हातात नसते तर मी ते घेतलेच असते, यात मला जराही शंका नाही. इन्शुरन्सच्या अडजस्टरला, म्हणजे दाव्याची रक्कम ठरवणाऱ्या माणसाला, हे माहीत असतं. घायकुतीला आलेला माणूस स्वस्तात सेटल करतो, आणि ते घायकुतीला येईपर्यंत थांबतात. उचल होती म्हणून मी नाही म्हणू शकले. या सेवेला मी पाचपैकी शून्य देत नाही, त्याचं कारण हे.

१४ फेब्रुवारी २०२३ ला आणखी चार हजार उचलले, फी धरून ४,३५०. त्यानंतर आठवडाभरात आमच्या नशिबात नसतं तर बरं झालं असतं असं काहीतरी घडलं. न्यायाधीशांच्या इतक्या जागा रिकाम्या होत्या की न्यू जर्सीच्या सरन्यायाधीशांनी सॉमरसेट, हंटरडन आणि वॉरन या आमच्या भागातल्या काउंट्यांत, तसंच दक्षिणेकडच्या कंबरलँड, ग्लॉस्टर आणि सेलममध्ये, दिवाणी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांची अंतिम सुनावणी, म्हणजे ट्रायल, थांबवली. बाकी कागदपत्रं, साक्षी, लवाद चालू होतं, पण ज्युरीसमोर उभं राहण्याची तारीख मिळण्याची शक्यताच नव्हती. तारीख नाही म्हटल्यावर इन्शुरन्स कंपनीला कसली घाई? त्यांचे पैसे त्यांच्याकडे सुरक्षित होते. माझ्या उचलीवरचं शुल्क मात्र कोर्टासाठी थांबत नव्हतं. सही करताना मला वाटलं होतं की माझी केस सोपी आहे, वर्षभरात संपेल. केस सोपी असली तरी कोर्ट मोकळं असेलच असं नाही, हे कोणीच मला सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगायला हवं होतं ते दर सहा महिन्यांनी त्यावरच कमवत होते.

२० ऑगस्ट २०२४ ला ९०,००० वर सेटलमेंट ठरली. वकिलांनी कंपनीकडून पेऑफ लेटर मागवलं, म्हणजे अमुक तारखेपर्यंत इतके दिले की हिशेब पूर्ण, असं पत्र. त्यात पहिल्या उचलीचे २०,६३१ डॉलर होते, '१४ सप्टेंबरपर्यंत वैध'. मी रिलीजवर, म्हणजे आता आणखी काही मागणार नाही अशा कागदावर, सही केली. इन्शुरन्सचा चेक ११ सप्टेंबरला आला. तो वकिलांच्या ट्रस्ट खात्यात, म्हणजे अशिलांचे पैसे वेगळे ठेवायच्या खात्यात, भरावा लागतो, वटल्याशिवाय त्यातून कोणालाच पैसे देता येत नाहीत. वटेपर्यंत २३ तारीख उजाडली. नऊ दिवस उशीर. पहिल्या उचलीची नवी रक्कम २४,६३५. नऊ दिवसांचे चार हजार चार डॉलर. माझ्या आईच्या बांगड्या यापेक्षा कमी किमतीच्या आहेत.

दुसरी उचल धरून कंपनीचं एकूण मागणं ३३,४७८ झालं. बाकीचा हिशेब असा: ९०,००० मधून कोर्टाची फी, तज्ज्ञ डॉक्टरचा रिपोर्ट वगैरे खर्चाचे ६,३०० आधी गेले. न्यू जर्सीत कोर्टाच्या नियमानुसार वकिलाची फी खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर धरतात, आणि पहिल्या साडेसात लाखांपर्यंत ती एक तृतीयांशाच्या वर जाऊ शकत नाही. ते झाले २७,९००. नवऱ्याच्या जुन्या कंपनीच्या हेल्थ प्लॅनने माझ्या उपचारांवर केलेल्या खर्चापैकी ३,८०० परत मागितले. उरले ५२,०००. त्यातून ३३,४७८ गेले असते तर मला साडेअठरा हजार मिळाले असते.

इथे मात्र वकिलांनी फोन उचलला. पहिल्यांदा कंपनीने नकार दिला. वकिलांनी हिशेबाचा कागदच पाठवला आणि सांगितलं, मान कापून घेतलेल्या बाईपेक्षा तुम्हाला जवळजवळ दुप्पट मिळतंय, आणि नऊ दिवसांचा उशीर चेक वटण्यामुळे झालाय. दोन दिवसांनी २७,००० वर तडजोड झाली. मला तोवर माहीतच नव्हतं की असं मागता येतं. मागता येतं, आणि कंपन्या बऱ्याचदा काहीतरी सोडतात. पण ती त्यांची मर्जी असते, करारात तसा हक्क लिहिलेला नसतो.

मग हिशेब करताना मी स्वतःशी प्रामाणिक राहायचा प्रयत्न केला. उचल घेतली नसती तर २२,००० वर सेटल केलं असतं आणि चौदा हजार घेऊन गप्प बसले असते. घेतली म्हणून आधीचे बारा आणि शेवटचे पंचवीस असे सदतीस हजार मिळाले. तोटा झाला असं म्हणता येत नाही. पण क्रेडिट युनियनकडून, म्हणजे इथल्या पतसंस्थेकडून, नवऱ्याचा पगार चालू होता तेव्हाच, बारा-तेरा टक्क्यांनी कर्ज घेऊन ठेवलं असतं तर हातात आणखी नऊ-दहा हजार उरले असते. तेव्हा 'केस सुरू आहे, पैसे येतीलच' असं म्हणत आम्ही दोघंही बसून राहिलो. ज्यांची केस आत्ताच सुरू झालीय आणि घरात एक तरी पगार चालू आहे, त्यांनी आधी तो दरवाजा ठोठवावा. तो बंद झाल्यावर ही कंपनी आहेच.

पैसे वेळेवर आले, वागणूक चांगली, हरल्यास परतफेड नाही हे वचन पाळतात, यासाठी दोन तारे. सहा महिन्यांचे गठ्ठे, चक्रवाढ, मुद्दलात घुसवलेली फी आणि कमाल मर्यादेचा अभाव, यासाठी बाकीचे तीन कापले.

गेल्या महिन्यात एडिसनच्या एका मैत्रिणीच्या वहिनीचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन, केस सुरू, सहा हजार हवेत. "ताई, सही करू का?" मी त्यांना म्हटलं, आज करू नका, आधी कंपन्यांना तीन प्रश्न लिहून पाठवा: शुल्क सरळ की चक्रवाढ, महिन्याने की सहा महिन्यांच्या टप्प्याने, आणि जास्तीत जास्त किती, म्हणजे केस पाच वर्षं चालली तरी आकडा कुठे थांबणार. शिवाय फी धरून, तारखेनिहाय, पूर्ण रकमांचा तक्ता मागा आणि तो तुमच्या वकिलांना दाखवा. एका कंपनीने चक्रवाढच सांगितली. दुसरीने सरळ शुल्क आणि घेतलेल्या रकमेच्या दुप्पट ही मर्यादा लेखी दिली. वहिनींनी तिच्याकडून फक्त चार हजार घेतले. टप्प्याच्या तारखा वहिनींनी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवल्यात, आणि तोच फोटो वकिलांच्या पॅरालीगललाही पाठवलाय, म्हणजे चेक आला की तो ट्रस्ट खात्यात त्याच दिवशी भरला जाईल.